मोटारीच्या बॉडीवर दीडशे व्होल्ट

चुडावा गावात मी पाण्याच्या मोटारींची वाइंडिंग भरतो. पाच एचपीची मोटार घेऊन शेतकरी आला की तांब्याचा भाव विचारतो, बेअरिंग कुठल्या कंपनीची टाकणार ते विचारतो, केबल सोलून बघतो. अर्थिंगचं विचारलं की उत्तर ठरलेलं : "मामा, टाका की पडलेला एखादा तुकडा." मग तो तुकडा विहिरीच्या कडेला एखाद्या गंजक्या पाइपाला गुंडाळला जातो.

खरं तर तारेचा हिशोब अवघड नाही. अर्थिंगसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३०४३. फेजची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर त्याच धातूची अर्थिंगची तार तेवढीच जाड. फेज १६ ते ३५ असेल तर अर्थिंगला १६ पुरते, त्यापुढे निम्मी. म्हणजे मोटारीला ४ चौरसची तांब्याची केबल, तर अर्थिंगलाही तांब्याची ४ चौरसच. पण शेतात उघडं तांबं ठेवलं तर रात्रीतून जातं, म्हणून आपण जीआय तार वापरतो. आठ नंबरची जीआय तार दिसायला दांडगी, जवळपास १३ चौरस. तरी लोखंड तांब्यापेक्षा सात-आठ पट जास्त अडवतं, त्यामुळे ती धड दोन चौरस तांब्याच्याही तोडीची नाही. चौदा नंबरचं तर बोलायलाच नको.

इथवर कोणताही वायरमन सांगेल. माझं म्हणणं असं, की शेतात नुसती तार जाड करून भागत नाही.

मोटारीची वाइंडिंग बॉडीला लागली, तर करंट तारेतून मातीत जातो आणि मातीतून डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, अर्थिंगपर्यंत पोचतो. तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स १० ओहम आणि डीपीचा ५ धरा. २३० व्होल्टला १५ ओहमने भागलं की येतात साधारण १५ अँपिअर. पाच एचपीची मोटार चालतानाच सात-आठ घेते, आणि फ्यूजमध्ये केबलचे दोन-तीन तंतू पिळून घातलेले असतात. १५ अँपिअरला तो फ्यूज उडत नाही. मोटार फिरत राहते, आणि तिच्या बॉडीवर दीडशे व्होल्ट उभे राहतात. तार आणखी जाड, चार नंबरची केली तरी हे गणित बदलत नाही, कारण अडवणूक तारेची नाही, मातीची आहे. त्यात आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, पाइपाभोवतीची माती सुटते आणि १० चे ५० ओहम कधी झाले ते कळतही नाही.

यावर उपाय एकच, आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट यांत फरक पडला की तो लाइन तोडतो. घरात ३० मिलिअँपिअरचाच हवा. पत्र्याचे कूलर उन्हाळ्यात माणसं मारतात, ते त्याच्याशिवाय लावूच नयेत. शेतात मात्र अडचण खरी आहे. जुन्या सबमर्सिबलची केबल पाण्यात भिजून थोडी गळतेच, आरसीसीबी सारखा पडतो. थ्री फेजची लाइट बरेचदा रात्री येते, मोटार ऑटोवर असते. सकाळी पाणी नाही पाहून माणूस चिडतो आणि आरसीसीबी बायपास करून टाकतो. अशांना मी १०० मिलिअँपिअरचा सांगतो. अर्थिंग १०० ओहमपर्यंत बिघडलं, तरी बॉडीवर १० व्होल्ट चढले की तो पडतो. उघड्या फेजला हात लागला तर मात्र त्याचा भरवसा धरू नये. आणि त्यालाही अर्थिंगची तार लागतेच. तार तुटलेली असेल तर तो पडायला माणसाचा हात लागण्याची वाट बघतो.

मोटारीच्या बॉडीला दोन वेगवेगळी अर्थिंग हवीत, हे १९५६ च्या वीज नियमांतच लिहिलेलं होतं. शिवारात एकही धड सापडत नाही. नव्या कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर जागा न पाहता सह्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून कागद वाढवण्यापेक्षा सरकारने स्टार्टरच्या पेटीतच आरसीसीबी बसवून विकायची सक्ती करावी, आणि पंपाच्या अनुदानात अर्थिंगचा पाइप, आठ नंबरची तार आणि नट-वॉशरसकट लग धरावेत. हे सामान मोटारीबरोबर हातात पडलं, तर शेतकरी ते लावतो. वेगळं विकत घ्यायला सांगितलं, तर मला पुन्हा तुकडाच मागतो.