पाहुणा गुरुजी

पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यात मार्शल बेटे नावाचा एक चिमुकला देश आहे. २९ कंकणद्वीपे आणि ५ सुटी बेटे एवढाच त्याचा संसार. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळांच्या सांगाड्यांवर उभी राहिलेली जमिनीची बांगडी. बांगडीच्या आत निवांत, हिरवे पाणी. बाहेर अथांग सागर. आणि या दोहोंमध्ये नारळींनी भरलेली एक चिंचोळी पट्टी, तीही समुद्रसपाटीपासून सरासरी अवघी दोन मीटर उंच. देशातील सगळी जमीन गोळा केली तर जेमतेम १८१ चौरस किलोमीटर भरते. तेथे नदी नाही, ओढा नाही. छपरावर पडणारा पाऊस टाकीत साठवावा आणि वर्षभर जपून वापरावा, अशी रीत आहे.

राजधानी माजुरोपासून दूर असलेल्या बेटांवर परदेशांतून स्वयंसेवक शिक्षक गेलेले आहेत. अमेरिकेत १९६१ साली ‘पीस कोअर’ हे स्वयंसेवकांचे दल स्थापन झाले व १९६६ पासून त्यातील तरुण या भागात येऊ लागले. पुढे इतर संस्थांनीही आपली माणसे पाठविली. कोणी वर्षभर राहिले, कोणी केवळ उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते. वास्तविक उन्हाळा हा शब्द पाहुण्याच्या देशाचा! विषुववृत्ताजवळच्या या बेटांवर बारा महिने ऊन सारखेच असते. तेथे त्या दिवसांची खूण निराळी : नीरफणसाची झाडे फळांनी लगडतात.

सहा-आठ आठवड्यांत परका माणूस मुलांना असे काय शिकविणार, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. प्रश्न रास्त आहे. इंग्रजीची गरज मात्र खोटी नाही. १९८६ साली अमलात आलेल्या करारामुळे या देशाच्या नागरिकांस अमेरिकेत जाऊन राहता व काम करता येते, आणि हजारो माणसे तशी गेलीही आहेत. आपल्या मुलास ती भाषा यावी असे बेटावरील आईला वाटले, तर त्यात गैर काय? गैर घडते ते पुढे. धड्यात बर्फ, आगगाडी आणि सफरचंद. मुलाच्या डोळ्यांपुढे नारळ, होडी आणि भरतीचे पाणी. नाव घेण्याजोग्या वस्तू सगळ्या दूरदेशी, आपल्या अंगणात तसे काहीच नाही, अशी त्याची हळूहळू समजूत होऊ लागते. ती एकदा मनात रुजली की उपटून काढणे कठीण.

म्हणून चांगला पाहुणा गुरुजी आधी विद्यार्थी होतो. तो एखाद्या कुटुंबात राहतो, बादलीभर पाण्यात स्नान उरकतो, केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांनी विणलेल्या चटईवर झोपतो. नीरफणस निखाऱ्यांवर भाजून त्याची काळी साल कशी खरवडावी, हे त्याला घरातील लहान मुलगी दाखविते. उरलेला गर पानांत गुंडाळून, खड्ड्यात पुरून, आंबवून पुढील महिन्यांसाठी कसा राखावा, हे आजी दाखविते. खोबरे नेणारे जहाज लांबले की तांदूळ आणि साखर संपते. त्या दिवसांत शेजारी एकमेकांकडे जेवण पोचवितात, तेही तो पाहतो. त्याचे वेडेवाकडे उच्चार ऐकून मुले पोट धरून हसतात. हे हसणे फार मोलाचे! चुकण्याच्या भीतीने गप्प बसणारी मुले, गुरुजीही चुकतात असे पाहिल्यावर, दुसऱ्या दिवशी वर्गात तोंड उघडण्यास धजतात.

या मुलांच्या पूर्वजांची विद्या सामान्य नव्हती. दूरवरून येणारी मोठी लाट बेटाला अडली की वळते, आणि निरनिराळ्या दिशांच्या लाटा एकमेकींना छेदतात. मार्शलचे नावाडी ही वळणे नारळीचे हीर एकत्र बांधून दाखवीत. त्यांवर शिंपले बसविले की ती झाली बेटे. हा नकाशा प्रवासात बरोबर नेत नसत. तो किनाऱ्यावरच पाठ करायचा, आणि भर समुद्रात होडीच्या तळाशी पडून, अंगाला जाणवणाऱ्या हेलकाव्यांवरून बेट कोणत्या दिशेस आहे ते ओळखायचे! फळ्यावर परदेशाचा नकाशा काढण्यापूर्वी शिक्षकाने एखाद्या वृद्ध नावाड्यास शाळेत बोलवावे. लाट, वारा, शीड, उलांडी यांची इंग्रजी नावे मुले त्या एका तासात आनंदाने शिकतील, कारण जगाला सांगण्याजोगे काही आपल्यापाशी आहे हे त्यांना तेव्हा उमगेल.

पाहुण्याने नम्र असण्याचे आणखी एक कारण आहे. १९४६ साली अमेरिकेच्या अधिकाऱ्याने बिकिनीच्या लोकांस, मानवजातीच्या कल्याणासाठी आपले बेट सोडा, असे सांगितले. १६७ माणसे निघाली. १९५८ पर्यंत बिकिनी व एनेवेटाक यांच्या परिसरात ६७ अणुस्फोट झाले. १ मार्च १९५४ च्या स्फोटाची राख रोंगेलापवर पडली, तेव्हा ती काय आहे हे ठाऊक नसल्याने मुले तिच्यात खेळली आणि आजारी पडली. बिकिनीचे लोक आजही आपल्या बेटावर नांदत नाहीत. ‘तुमचे भले करावयास आलो आहोत’ असे म्हणणाऱ्यापेक्षा ‘तुम्हांला काय हवे?’ असे विचारणारा शिक्षक तेथे अधिक शोभतो.

आणि हे विचारावे कोणाला? तेथल्याच शिक्षकाला. पाहुण्याची वाहवा होते. तीच मुले, तोच फळा घेऊन वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष जात नाही. हा अन्यायच होय. सुट्टीतील वर्गात त्याला पाहुण्याच्या शेजारी उभे राहू द्यावे, दोघांनी मिळून पाठ रचावेत, ते वहीत उतरवावेत. निरोपाच्या दिवशी पाहुण्याच्या गळ्यात शिंपल्यांच्या माळा पडतात. ‘यॉक्वे’ हा तेथला शब्द स्वागताचाही आहे, निरोपाचाही आणि मायेचाही. किनाऱ्यावरून तोच पुनःपुन्हा ऐकू येतो. होडी दिसेनाशी होते. पुढे शाळा उघडते तेव्हा फळ्यापुढे बेटावरचाच शिक्षक उभा असतो, आणि ती वही त्याच्या टेबलावर असते.