पुढच्यास ठेच लागली, मागचा शहाणा झाला का?

शेतकरी बंधूंनो, पाणी नितळ दिसले म्हणजे ते पिण्याजोगे, ही समजूत आधी मनातून काढून टाका. इंग्लंडातल्या एका लहान गावाला ती फार महागात पडली.

यॉर्कशायरमधले माल्टन हे बाजाराचे गाव. तेव्हा वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. तिथला 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे; आपल्या लहान नगरपालिकेसारखा कारभार. स्वतःचे कौन्सिल, स्वतःचा पाणीपुरवठा, आरोग्य अधिकारीसुद्धा. अशा प्रत्येक डिस्ट्रिक्टात आजार, पाणी, गटारे यांचा वार्षिक अहवाल होई. तरी 1932 मध्ये गटाराचे मैलापाणी पाणीपुरवठ्याच्या विहिरीत झिरपले आणि विषमज्वराची साथ उसळली. दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली, वीसवर दगावली.

खरी गोम इथेच आहे. जंतू पोटात गेल्यावर ताप चढायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. पहिला रोगी सापडेपर्यंत सगळे गाव तेच पाणी प्यालेले असते. करपा पानावर दिसल्यावर पंप शोधायला निघण्यातला हा प्रकार.

1934 मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून खेड्यांच्या पाणीयोजनांसाठी दहा लाख पौंड मंजूर केले. पण पैसा काही विहिरीवर पहारा देत नाही. 1937 मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन या मोठ्या शहरात विहिरीची दुरुस्ती चालू असताना पाणी क्लोरीन न घालताच सोडले गेले. विहिरीत उतरलेल्यांपैकी एकजण विषमज्वराचे जंतू अंगात बाळगून होता. दिसायला मात्र धडधाकट. 43 जण प्राणास मुकले. विहिरीत काम चालू आहे, हे इंजिनिअर खात्याने आरोग्य अधिकाऱ्याला कळवलेच नव्हते!

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनो, माल्टनचा धडा क्रॉयडनने घेतला नाही, आपण तरी घेऊ या. विहिरीजवळ गटार, शोषखड्डा, उकिरडा आहे का, ते स्वतः जाऊन पाहा. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल पावडर, अर्धा तास थांबा, मग पाणी सोडा. नळाच्या शेवटच्या घरी ओटी टेस्ट घ्या. विहिरीत माणूस उतरणार असेल तर आरोग्य केंद्राला आधी कळवा. रजिस्टरात सही मागाहून करा, पावडर आधी टाका.