आरोग्यधन : लघवीची साक्ष
चितेगावच्या व्यापारी कुटुंबांत गल्ल्यातील तूट त्याच रात्री शोधली जाते. परंतु लघवीतून एकदाच, वेदनेविना गेलेले रक्त ‘उष्णता’ म्हणून सोडून दिले जाते. मूत्राशयाच्या कर्करोगाची ती बहुधा पहिली खूण असते. धूम्रपान हे या रोगाचे प्रमुख कारण होय. १९४५ मध्ये पापानिकोलाउ व मार्शल यांनी लघवीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदानाची वाट दाखवली. तीत सुई नाही, नळी नाही. तथापि संथ वाढणारी गाठ या तपासणीतून निसटू शकते. म्हणून अहवाल निर्दोष आला, तरी दुर्बिणीची तपासणी डॉक्टरांनी सांगितल्यास टाळू नये. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय दूर नाही. आड येतो तो संकोच. खतावणी जुळली म्हणून रोकड मोजणे कोणी सोडत नाही.