पाळीव सापाची ऊनसावली

इंग्लंड-अमेरिकेत कित्येक कुटुंबे साप पाळतात, हे वाचून आमच्या वाचकांस नवल वाटेल. तेथे लोकप्रिय असलेला ‘कॉर्न स्नेक’ हा बिनविषारी साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. सापाचे शरीर स्वतःची ऊब निर्माण करीत नाही. रानात उन्हातून सावलीत सरकून तो ती राखतो. पेटीत ही ऊनसावली माणसानेच पुरवावयाची असते. म्हणून पेटीच्या एका टोकास सुमारे ३० अंश सेल्सिअस, तर दुसऱ्यास २४ अंशांच्या आसपास उष्णता ठेवतात आणि दोन्हीकडे लपावयास आडोसा देतात. दिव्यास जाळी व उष्णता आपोआप आवरणारे यंत्र नसेल, तर साप ऊब घेता घेता भाजतो. हवा फार कोरडी झाली, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. झाकणास कडी हवीच; लहानशा फटीतूनही तो निसटतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रानातले साप धरून पाळण्यास मनाई आहे, आणि ती आम्हांस योग्यच वाटते. कोंडलेल्या जिवाचे ऊन, पाणी व आडोसा रोज सांभाळणे सोपे नव्हे. घरात साप निघालाच, तर मुलांना दूर ठेवावे व जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. काठी नको आणि पेटीही नको.