हिमनदीच्या दर्शनाला निघण्यापूर्वी

उत्तरेची ओढ आम्हां मराठी माणसांना नवी नाही. आमच्या वाडवडिलांनी आयुष्यभर पै-पै साठवावी आणि उतारवयात काशी-गंगोत्रीची वाट धरावी, हा शिरस्ता पिढ्यान् पिढ्या चालत आला. लोकमान्य टिळकांनी तर १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आर्यांचे मूलस्थानच थेट उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. त्या सिद्धान्ताला पुढील संशोधनाने पुष्टी दिली नाही. तथापि माळव्याच्या उन्हात बसून हिमाचे स्वप्न पाहण्याची परंपरा किती जुनी आहे, एवढे त्यावरून ध्यानी यावे.

या परंपरेत यंदा आमच्या घरी एक नवाच अध्याय उघडला आहे. आमची कन्या अमेरिकेत सिएटल येथे असते. "बाबा, पुढच्या मे महिन्याच्या सुटीत आईला घेऊन या, आपण सगळे सात रात्रींच्या क्रूझने अलास्काला जाऊ आणि हिमनद्या पाहू," असा तिचा आग्रह. घरात त्यावर महिनाभर चर्चा चालली. आमच्यासारखे प्रौढ वयात पहिल्यानेच बोटीवर, आणि तेही थंड मुलुखात, जाऊ पाहणारे अनेक वाचक असतील. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या चर्चेचे सार येथे मांडीत आहोत.

पहिला प्रश्न सौभाग्यवतींचा. "बर्फच पाहायचा तर आपली गंगोत्री काय वाईट? सातासमुद्रापलीकडे कशाला?" प्रश्न बिनतोड होता. परंतु गंगोत्रीचे देऊळच समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटरवर. तेथून हिमनदीचे मुख जे गोमुख, ते आणखी १८ किलोमीटर पायी. सौभाग्यवतींचे गुडघे चार वर्षांपासून जिना मोजून चढतात. त्यांची गोमुखाची हौस मनातच राहिली, ती याच कारणाने. अलास्कातील काही हिमनद्यांचे वैशिष्ट्य असे की, त्या डोंगरावरून उतरत थेट समुद्रात येऊन मिळतात. म्हणजे जेथे आपण हिमनदीपर्यंत चढून जायचे, तेथे ती उतरून आपल्या भेटीला येते. बोटीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसले की दर्शन घडते. ही गोष्ट समजल्यावर सौभाग्यवतींच्या विरोधाची धार निम्मी बोथट झाली.

इतक्या खाली समुद्रकाठी बर्फ येतो कसा? कारण आपल्या सह्याद्रीसारखेच आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे किनाऱ्यालगतच्या उंच पर्वतांना अडतात. महाबळेश्वरी त्यांचा पाऊस होतो, तेथे शिखरांवर त्यांचा हिमवर्षाव होतो. वर्षानुवर्षांचे थर एकमेकांवर दाबले जाऊन हिमाचे घट्ट बर्फ बनते आणि ते स्वतःच्या भाराने उताराकडे सरकू लागते. दाबामुळे त्यातील हवेचे बुडबुडे आकसतात. असे दाट बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि निळा तेवढा परत पाठविते. हिमनदीची भिंत निळसर दिसते ती त्यामुळे. चित्रांत कोणी रंग भरलेला नसतो.

आता ठिकाणांविषयी. अलास्काच्या आग्नेय भागात 'ग्लेशियर बे' नावाचे आखात आहे. १७९४ साली व्हँकूव्हर या इंग्रज दर्यावर्दीची माणसे तेथे पोहोचली तेव्हा आखात जवळजवळ नव्हतेच. तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर डोंगीतून तेथे गेले, तोवर बर्फ साठ-सत्तर किलोमीटर मागे हटले होते. १९१६ च्या सुमारास ते मुखापासून सुमारे १०५ किलोमीटरवर जाऊन ठेपले. आज बोटी ज्या पाण्यातून दिवसभर चालतात, ते सारे पाणी अडीचशे वर्षांपूर्वी बर्फाच्या पोटात होते. हिमनदी मागे गेली तशी आधी शेवाळ, मग झुडपे, मग अरण्य अशी वनश्री तिच्या मागोमाग आली. आखातात शिरताना तोंडाशी दाट झाडी आणि आत आत जावे तसे उघडे खडक दिसतात. हा निसर्गाचा इतिहास उलट्या पानांनी वाचण्यासारखाच प्रकार होय.

येथे मनुष्याचाही इतिहास आहे. हूना त्लिंगित या मूळ रहिवाशांची गावे त्या खोऱ्यात होती. अठराव्या शतकात पुढे सरसावणाऱ्या बर्फाने ती गिळली आणि लोकांना परागंदा व्हावे लागले. २०१६ साली आखाताच्या काठी त्यांच्या परंपरेचे सामुदायिक घर पुन्हा उभे राहिले. आपण ज्याला प्रेक्षणीय स्थळ म्हणतो ते कुणाचे तरी सुटलेले गाव असते, याचे भान प्रवाशाने ठेवावे.

ग्लेशियर बेमध्ये उन्हाळ्यात एका दिवशी दोनच मोठ्या क्रूझ-बोटींना प्रवेश मिळतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी मार्गपत्रिकेत हे नाव स्पष्ट छापले आहे की नाही, ते पाहावे. नुसता 'हिमनदी-दर्शन' असा मोघम उल्लेख असेल तर विचारून घ्यावे. काही बोटी त्याऐवजी हबर्ड हिमनदीकडे जातात. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर असून १८९५ पासून ती मागे हटण्याऐवजी पुढेच येत आहे. १९८६ साली आणि पुन्हा २००२ साली तिने शेजारच्या खाडीचे तोंड बुजवून टाकले होते. कॉलेज फिऑर्ड नावाच्या आणखी एका खाडीत १८९९ च्या संशोधक मंडळीने हिमनद्यांना हार्वर्ड, येल अशी महाविद्यालयांची नावे दिली. विसाव्या शतकात हार्वर्ड पुढे सरकली आणि येल मागे पडली. शिक्षकाच्या जिभेवर यावर काही विनोद येतो, पण तो आम्ही आवरतो.

व्हिसाचे प्रकरण मात्र विनोदाचे नव्हे. सिएटलहून निघणारी बोट अमेरिकेतूनच निघते आणि तेथेच परतते. तरी वाटेत ती कॅनडातील व्हिक्टोरिया बंदरी थांबते. याचे मूळ १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यात आहे. परदेशी निशाणाच्या बोटीने केवळ अमेरिकन बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करू नये, असा तो कायदा. आणि बहुतेक मोठ्या क्रूझ-बोटी परदेशी निशाणाच्याच असतात. म्हणून भारतीय पारपत्र असणाऱ्याने अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागणार असे धरूनच चालावे. कॅनडातील व्हँकूव्हरहून निघायचे असेल तर दोन्ही व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचे आहेत ना, तेही पाहावे. व्हिसाच्या मुलाखतीला काही वेळा महिनोन् महिने थांबावे लागते. तेव्हा व्हिसा आधी आणि तिकिटाचे पैसे नंतर, हा क्रम बरा. सरकारी सेवकांना परदेशगमनाची खात्याची परवानगी लागते. आमचा अर्ज रवाना झाला आहे.

हंगाम मे ते सप्टेंबर. जुलैत हवा त्यातल्या त्यात उबदार, पण गर्दी आणि भाडे दोन्ही चढे. सप्टेंबरात पाऊस वाढतो. मे महिना तुलनेने कोरडा आणि स्वस्त, शिखरांवर हिम भरपूर, उजेड रात्री उशिरापर्यंत. आमच्या शाळेची सुटीही तेव्हाच. जॉन्स हॉपकिन्स हिमनदीच्या खाडीत मात्र मे ते ऑगस्ट क्रूझ-बोटींना मज्जाव असतो, कारण तेथे सील माद्या तरंगत्या बर्फावर पिलांना जन्म देतात. या अटीबद्दल कोणी तक्रार करू नये. बाळंतिणीच्या खोलीत पाहुण्यांनी घुसू नये, हा आपल्याही घरचा रिवाज आहे.

कपड्यांसंबंधी एक गैरसमज काढून टाकावयास हवा. ही बोट ध्रुवाकडे जात नाही. जूनो हे अलास्काच्या राजधानीचे शहर ५८ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या बरेच खाली. मे महिन्यात दिवसा दहा-बारा अंश, म्हणजे इंदूरच्या जानेवारीतल्या रात्रीसारखी हवा. परंतु हिमनदीसमोर बर्फावरून उतरणारा वारा हाडांत शिरतो. एक जाड कोट घेण्यापेक्षा कपड्यांचे थर असावेत: आत अंगासरशी गरम बनियन, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर पाणी व वारा अडविणारे जाकीट. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातील ऊब खातो. कानटोपी, हातमोजे आणि न घसरणारे बूट हवेत. साडीच्या आत लोकरी पायमोजे व पायजमा घालण्यास सौभाग्यवतींनी संमती दिली आहे. एक चांगली दुर्बीण मात्र प्रत्येकाची वेगळी असावी. एकाच दुर्बिणीवरून चांगल्या घरांत भांडणे होतात.

बोटीवर शाकाहारी जेवण मिळते, पण तशी सूचना तिकीट काढतानाच द्यावी. खोलीत शेगडी किंवा विजेची किटली चालत नाही. पोह्यांवाचून ज्याचा दिवस उजाडत नाही, अशा इंदूरकराने आठवडाभर मनाची तयारी ठेवावी. मेतकूट आणि कोरडे लाडू तेवढे सोबत असू द्यावे. नेहमीची औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावी आणि प्रवासाचा विमा उतरल्याशिवाय पाऊल उचलू नये. बोटीवरील डॉक्टरांची फी डॉलरांत असते. मार्गाचा बराच भाग बेटांच्या आडोशाने जातो, म्हणून बोट फारशी हलत नाही. तरीही पोटाची धास्ती असणाऱ्याने खालच्या मजल्यावरची, मध्यभागाची खोली मागावी.

खोलीवरूनच आमच्या घरी खरी ओढाताण झाली. कन्येचा आग्रह सज्जा असलेल्या खोलीचा. आमच्या हाताशी मात्र निवृत्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, आणि डोक्यावर दोन पावसाळे गळत असलेली गच्ची. आम्हांला जावयाच्या पैशाने प्रवास करावयाचा नव्हता आणि कन्येचे मनही मोडवत नव्हते. निकाल सौभाग्यवतींनी दिला: "आधी गच्ची, मग गंगोत्री. आणि खोली बिनखिडकीची चालेल. झोपायला खिडकी कशाला लागते?" त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच आहे. हिमनदीसमोर बोट सावकाश फिरते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दर्शन होते. उघड्या डेकवर तर सर्वांनाच मोकळीक. वाचलेल्या पैशांत गच्चीचे काम निघेल. उरला प्रश्न आमच्या एक्याऐंशी वर्षांच्या मातोश्रींचा. धाकटे बंधू आणि भावजय देवासहून येऊन तीन आठवडे राहणार आहेत. मातोश्रींनी परवानगी देताना एवढेच विचारले, "तिथून गंगा आणता येईल का रे?"

दर्शनाच्या दिवशी काय करावे? पहाटे उठावे. राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी लहान नावेतून बोटीवर येतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात, ती ऐकावी. मार्जरी हिमनदीची भिंत सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच आहे. तिचा कडा ढासळतो तेव्हा बर्फ पडताना आधी दिसते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो. अंतर एक किलोमीटर असेल तर सुमारे तीन सेकंदांनी. छायाचित्रांच्या नादात हे तीन सेकंद हुकवू नयेत.

एक प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवला होता. आमच्या बेताची वार्ता शाळेत फुटल्यावर नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, बर्फ वितळतोय म्हणून तो पाहायला जायचे, आणि जाताना बोटीच्या धुराने तो आणखी वितळवायचा, हे कसे?" वर्ग हसला, आम्ही हसलो नाही. ग्लेशियर बेमधील बर्फाची बरीच माघार कारखान्यांच्या धुरापूर्वीची आहे, हे खरे. समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीची चाल तळच्या दगडमातीच्या बांधावर आणि पाण्याच्या खोलीवरही अवलंबून असते. परंतु आजची सर्वदूर झीज मनुष्यनिर्मित तापमानवाढीने होत आहे, हेही तितकेच खरे. जूनोजवळील मेंडेनहॉल हिमनदीच्या बाजूला साठलेले पाणी फुटून ऑगस्ट २०२३ मध्ये नदीकाठची घरे वाहून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिक्कीममध्ये ल्होनाक सरोवर फुटून अनेकांचे प्राण गेले. जून २०१३ मधील केदारनाथ तर कोण विसरेल? ऑगस्ट २०२५ मध्ये अलास्काच्या ट्रेसी आर्म खाडीत दरड कोसळून प्रचंड लाट उसळली. बर्फाचा आधार गेलेले कडे असे ढासळू शकतात. जूनो शहराची वस्ती सुमारे ३२ हजार. प्रवाशांच्या लोंढ्याने त्रासून त्या गावाने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटींची मर्यादा घालून घेतली आहे.

त्या मुलीला आम्ही सांगितले ते असे: तुझ्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. कन्येला पाहायला तिकडे जाणे आहेच. त्या एका प्रवासातच हे उरकू. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरण्याची हौस करणार नाही. आणि जे पाहू ते नुसत्या छायाचित्रांत न ठेवता जुलैत तुमच्या वर्गात नकाशा टांगून शिकवू. तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले असे आम्हांस वाटले नाही. ते तसेच राहावे. शिक्षकाने प्रत्येक प्रश्न मिटवलाच पाहिजे असे नाही. काही प्रश्न विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करून निवृत्त व्हावे लागते.

गच्चीचे काम दिवाळीनंतर सुरू होईल, व्हिसाचे अर्ज त्याआधी जातील. ज्या वाचकांनी हा प्रवास केला असेल त्यांनी, विशेषतः गुडघे दुखत असूनही केला असेल त्यांनी, दोन ओळी अवश्य कळवाव्या. सौभाग्यवती त्यांची वाट पाहत आहेत.