प्रतिरूपक माल आणि घरची गाडी

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा ठरतो, तेव्हा जाणता व्यापारी पोत्यावर छापलेल्या नावाकडे पाहत नाही. तो हळकुंड उचलतो, मोडतो, मोडताना येणारा खणखणीत आवाज ऐकतो आणि आतला गाभा उजेडात धरतो. पॉलिशने वरचा रंग चढवता येतो, गाभ्याचा नाही. भौगोलिक मानांकन लाभलेल्या या हळदीच्या पारखीत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्याच घरांत रात्रीच्या वेळी मोबाइलवर एक चित्र पाहून मोटारीचे ब्रेक पॅड मागवले जातात. किंमत निम्मी, पेटीवर नामांकित कंपनीचे नाव, खाली चार-साडेचार तारे. एवढ्यावर सौदा पुरा होतो. पुढे त्याच गाडीत आजी-आजोबांसह सारे कुटुंब शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला निघते.

ऑनलाइन खरेदीला दोष देण्याचे कारण नाही. सेनगाव किंवा कळमनुरीत राहणाऱ्याला हवा तो भाग गावात मिळेलच असे नाही; त्यासाठी नांदेड-परभणी गाठण्यात दिवस मोडतो. घरपोच येणारा माल ही खरी सोय आहे. प्रश्न एवढाच की, हळकुंड मोडून पाहण्याची सवय या खरेदीत कोठे हरवते?

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. गाडीच्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला भाग हा एक प्रकार. दुसऱ्या एखाद्या प्रामाणिक उत्पादकाने स्वतःच्याच नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर बनवलेला भाग हा दुसरा. तो स्वस्त असतो, पुष्कळदा उत्तमही असतो, आणि त्यात खोटे काहीच नाही. खोटा तो तिसरा, जो दुसऱ्याचे नाव लावून येतो. विक्रेते या भेदाच्या सीमेवर शब्दांचा खेळ करतात. ‘मारुतीचा’ आणि ‘मारुतीसाठी’ यांत एका प्रत्ययाचा फरक आहे, पण ‘साठी’ लिहिणाऱ्याने तो भाग मारुतीचा असल्याचे कोठेही म्हटलेले नसते. ‘ओईएम दर्जा’ या शब्दांचीही तीच गत. ते विक्रेत्याने स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र होय.

मागणी नोंदवण्यापूर्वी गाडीच्या नोंदणीपत्रावरील चेसिस क्रमांक अधिकृत विक्रेत्याला फोनवर सांगून त्या भागाचा नेमका क्रमांक आणि छापील किंमत विचारून घ्यावी. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांना वेगळे भाग लागू शकतात, म्हणून नावावर विसंबू नये. किंमत कळली की अर्धे काम होते. छापील किमतीवर दहा-पंधरा टक्क्यांची सवलत समजू शकते. साठ टक्क्यांची सवलत कोणत्या नफ्यातून येते, हे व्यापारी घराला शिकवावे लागू नये. त्यानंतर विक्रेत्याचे नाव पाहावे. संकेतस्थळ नामांकित असले तरी त्यावर माल विकणारा बहुधा वेगळाच असतो. त्याचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक घेऊन जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी केव्हाची, चालू आहे की रद्द, हे क्षणात दिसते. प्रारंभीचे २७ हे अंक महाराष्ट्राचे, ०७ दिल्लीचे. पत्ता पुण्याचा आणि अंक ०७ असतील तर थांबावे. आडतीच्या व्यवहारात नव्या पार्टीची चौकशी करणारे हात येथे मात्र थेट ‘खरेदी करा’वर जातात, हे नवल आहे.

माल हाती आला की पेटी उघडतानाचे चित्रीकरण करावे. पेटीवर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे वेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. नकली पेटीवर यांतले काहीतरी गळालेले असते, किंवा इंग्रजी अक्षरांत एखादी चूक राहून गेलेली असते. केवळ होलोग्रामवर भिस्त ठेवू नये. चकाकणारी चकती छापणे आता अवघड राहिलेले नाही. एसकेएफसारख्या बेअरिंग उत्पादकांनी छायाचित्र पाठवून खात्री करून घेण्यासाठी मोबाइल ॲप दिले आहे, ते अवश्य वापरावे.

मात्र खरी परीक्षा वस्तूचीच. जुना भाग मेकॅनिककडून मागून घ्यावा आणि नव्याशेजारी ठेवावा. मग दुकानातला काटा उपयोगी पडतो: दोन्ही तोलून पाहावेत. नकली ऑइल फिल्टर बहुधा हलका भरतो, कारण आतल्या कागदाच्या घड्या कमी असतात. इंजिन बंद असताना तेल खाली उतरू न देणारी रबरी झडप त्यात कधी निकृष्ट असते, कधी नसतेच. मग रोज सकाळी गाडी सुरू होताना इंजिन काही क्षण तेलावाचून फिरते, आणि त्याची झीज मालकाला पुढे केव्हातरी मोठ्या बिलाच्या रूपाने कळते. ब्रेक पॅडमध्ये पोलादी पट्टी आणि तिच्यावरचा घर्षणाचा थर यांची सांधणी पाहावी. कडा भुरभुरत असतील, थरात भेग असेल, मागे छापलेला बॅच क्रमांक बोटाने पुसला जात असेल, तर तो पॅड गाडीला लावू नये. असे पॅड गावातल्या गावात ठीक चालतात. कस लागतो तो उतारावर किंवा भरधाव गाडी वारंवार थोपवताना: थर तापतो, पकड सुटते, पाय पूर्ण दाबूनही गाडी पुढेच जाते. एअरबॅग तर ऑनलाइन स्वस्तात घेऊच नये. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०१२ मध्ये नकली एअरबॅगबद्दल जाहीर इशारा दिला होता; चाचणीत त्या कधी उघडल्याच नाहीत, कधी त्यांतून धातूचे तुकडे उडाले.

रिकाम्या पेट्यांचाही येथे संबंध येतो. अस्सल भागाची रिकामी पेटी भंगारात गेली की तिच्यात नकली माल भरून ती पुन्हा बाजारात येऊ शकते. म्हणून पेटी फाडून आणि होलोग्राम खरवडूनच टाकावा.

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापाबरोबरच ‘प्रतिरूपक व्यवहार’ हाही गणला आहे: अस्सलासारखी दिसणारी वस्तू अस्सल म्हणून देणे. हा अतिचार ग्राहकापेक्षा दुकानदाराला अधिक लागू होतो, आणि सुट्या भागांची दुकाने समाजातही आहेत. ऑनलाइन स्वस्त मिळाले म्हणून दहा पेट्या मागवून काउंटरवर मांडणाऱ्याने १९९९ चा व्यापारचिन्ह कायदाही वाचून ठेवावा. खोट्या चिन्हाचा माल विकल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पुरेशी खबरदारी घेतली होती, संशयाला जागा नव्हती आणि माल कोणाकडून घेतला हे सांगितले, असे सिद्ध करणाऱ्याला सुटका मिळते. म्हणजे पक्के बिल हवे.

ग्राहकापुढचा पेच निराळा आहे. नकली भाग मुकाट्याने परत केला की पैसे मिळतात, पण तोच भाग दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत जाऊन बसू शकतो. म्हणून परत करण्याच्या कारणात ‘आवडला नाही’ असे न लिहिता ‘नकली’ असे स्पष्ट लिहावे, छायाचित्रे जोडावीत आणि ज्या कंपनीचे नाव वापरले गेले तिलाही कळवावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार नकली माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.