दौलताबादला उतरल्यावर पुढे काय?

जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली आणि अजिंठ्याच्या वाट्याला निदान कागदावर तरी रूळ आले. वेरूळच्या वाट्याला अजून सर्वेक्षणेच आहेत. दौलताबादहून वेरूळ, कन्नड करत चाळीसगावला जाणारी रेल्वे खुलताबाद आणि कन्नड तालुक्यांनी आजवर पाहिली ती निवडणुकीच्या भाषणांत. ती व्हायलाच हवी, यात वाद नाही. पण मध्ये डोंगर आहे, घाट आहे, भूसंपादन आहे. तोवर खुलताबादकरांनी काळी-पिवळीच्या मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे, हे आम्हाला मान्य नाही. कारण रेल्वे खुलताबादपासून दहा-बारा किलोमीटरवर सव्वाशे वर्षांपूर्वीच येऊन थांबली आहे.

निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग पुरा झाला. त्यावर दौलताबाद हे स्थानक आहे. पुढे रूळ रुंद झाले, डोक्यावर विजेच्या तारा आल्या. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली, नंतर ती नांदेडपर्यंत वाढली. ही गाडी दौलताबादच्या देवगिरी किल्ल्याच्या पायथ्यावरून जाते आणि थांबत नाही. तिने थांबावे असा आमचा आग्रहही नाही. वेगाच्या गाड्या वेगानेच जाव्यात. प्रश्न थांबणाऱ्या गाड्यांचा आहे. पॅसेंजरमधून दौलताबादला उतरलेल्या माणसाने खुलताबादला, तिथल्या भद्रा मारुतीला, वेरूळच्या घृष्णेश्वराला किंवा लेण्यांना जायचे तर स्थानकाबाहेर गाडीच्या वेळेवर एसटी उभी हवी. प्रवासी नाहीत म्हणून बस नाही, आणि बस नाही म्हणून तिथे कोणी उतरत नाही. हे चक्र कुठून तरी तोडावे लागेल, आणि ते बसच्या बाजूने तोडणे स्वस्त आहे.

स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभराच्या गाड्यांना ठरलेल्या मिनिटाला सुटणारे एकच वेळापत्रक लावले. तिथल्या डोंगरातल्या खेड्यांत रेल्वे सगळीकडे पोचलेली नाही. पोचते ती टपाल खात्याच्या परंपरेतली पिवळी बस, आणि तिची वेळ रेल्वेशी जुळवलेली असते. त्या देशाचे पैसे आपल्याकडे नाहीत हे खरे, पण वेळापत्रक जुळवायला पैसे फारसे लागत नाहीत. लागते ते दोन खात्यांनी एका टेबलाशी बसणे.

आणि इथेच घोडे अडते. रेल्वेचा हा भाग नांदेड विभागाचा, म्हणजे अंतिम निर्णय सिकंदराबादेत. एसटी महामंडळाची. संभाजीनगरची शहर बस स्मार्ट सिटीची. किल्ला आणि लेणी पुरातत्त्व खात्याची. रस्त्याचा मालक तर किलोमीटरागणिक विचारून घ्यावा लागतो. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, तेव्हा देशभरातले कॅमेरे खुलताबादेत होते. त्या दिवसांत कुणी कॅमेरा बसथांब्याकडे वळवल्याचे आठवत नाही. इतिहासावर भांडायला या गावात बाहेरून वाटेल तितकी माणसे येतात. शहरातल्या कॉलेजातून संध्याकाळी घरी परतणाऱ्या मुलीला शेवटची बस किती वाजता मिळते, हे विचारायला मात्र कोणी येत नाही.

एसटीने गेल्या काही वर्षांत एक मोठी गोष्ट केली आहे, ती मान्य करावी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला. पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते. फेरीच नसेल, तर बाई काळी-पिवळीला पूर्ण भाडे मोजते. २०२१-२२ च्या दीर्घ संपात लालपरी बंद होती, तेव्हा ग्रामीण भागाचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. काळी-पिवळीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. एसटी नव्हती तेव्हा तोच होता. त्याला परवाना देऊन स्थानक ते गाव अशा ठरावीक मार्गावर, ठरावीक भाड्यात बसवले, तर तोही या व्यवस्थेचा भाग होऊ शकतो.

आता रस्त्याचे पाहू. सोलापूर–धुळे महामार्गाचा नवा चौपदरी रस्ता करोडीकडून तेलवाडीकडे गेल्यामुळे लांब पल्ल्याच्या मालट्रकला देवगिरीच्या तटबंदीतल्या दिल्ली दरवाजातून घुसण्याचे कारण उरलेले नाही. कित्येक राजवटी पाहिलेल्या या तटाने कंटेनरचे धक्के का सोसावेत? जुना धुळे रस्ता आता स्थानिकांचा, भाविकांचा आणि पर्यटकांचा मानावा. दरवाजा रुंद करता येत नाही आणि करू नये. मग त्यातून काय जाईल हेच निवडावे लागेल. पहिला मान बसचा.

ही निवड अशक्य नाही, याचा पुरावा दरवर्षी श्रावणात मिळतो. शनिवारी भद्रा मारुतीचे दर्शन घ्यायला शुक्रवारी रात्रीपासून शहरातून हजारो माणसे पायी निघतात. तरुण पोरे, नवस बोललेल्या बायका, अनवाणी चालणारे म्हातारे. त्या रात्री पोलीस वाहतूक वळवतात आणि रस्ता चालणाऱ्यांचा होतो. उरसाच्या दिवसांतही गर्दीची व्यवस्था लावली जाते. म्हणजे प्रशासनाला जमते सगळे, फक्त तारीख पंचांगात असावी लागते. एरवी वर्षभर या रस्त्याने चालणाऱ्याला पदपथ नाही. पेरू-सीताफळाच्या टोपल्यांपाशी थांबलेल्या मोटारी आणि मागून येणारी वाहने यांच्यातून तो अंग चोरत जातो. म्हैसमाळ–वेरूळ–शूलिभंजन–खुलताबाद विकास आराखड्यात कमानी आणि सुशोभीकरण असेल ते असो, शहरापासून भद्रा मारुतीपर्यंत सावलीची झाडे लावलेली सलग पायवाट आधी व्हावी.

मोटारींचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर आहे. अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर पर्यटक बसने जातात. कोणी रुसून परत गेल्याचे ऐकिवात नाही. १९८३ पासून जागतिक वारसा असलेल्या वेरूळलाही हेच करावे आणि वाहनतळ लेण्यांच्या तोंडाशी न ठेवता लांब न्यावा. वेरूळ ते खुलताबाद हे चार-पाच किलोमीटरचे अंतर विजेवरच्या लहान बसने सहज कापता येईल. लेणी मंगळवारी बंद असतात, त्या दिवशी याच बसगाड्या म्हैसमाळला सोडाव्यात.

शेंद्रा ते वाळूज मेट्रो आणि उड्डाणपुलाच्या आराखड्यांवर शहरात चर्चा झडते, झडू द्यावी. अंकाई ते संभाजीनगर दुहेरीकरणाचे काम सुरू आहे, आणि खुलताबादच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. एकेरी मार्गावर पॅसेंजरला क्रॉसिंगसाठी बाजूला उभे करतात; दुसरा रूळ आला की लासूर, दौलताबाद, संभाजीनगर, जालना अशी विजेवरची लोकल सकाळ-संध्याकाळ सोडता येईल. ही मागणी रेल्वेकडे दुहेरीकरण पुरे होण्याआधी, लेखी जायला हवी. रूळ टाकून झाल्यावर फलाटाच्या लांबीवर आणि थांब्यांवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

बससाठी तेवढेही थांबायचे कारण नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी रेल्वे, एसटी आणि स्मार्ट सिटीच्या अधिकाऱ्यांना एकदा दौलताबाद स्थानकावरच बोलवावे, तेही पॅसेंजरच्या वेळेला. येत्या श्रावणातल्या शनिवारी आणि सोमवारी स्थानक–खुलताबाद–वेरूळ अशा बस चालवून पाहाव्यात, रोजची तिकीटविक्री जाहीर करावी, आणि आकडे पटले तर दिवाळीनंतर त्या रोजच्या वेळापत्रकात घालाव्यात.